कुणीतरी दिलेला अल्बम आणि भामरागडचं मेमरी कार्ड

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'अं' आणि दोन शिंका काढल्यात, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज अल्बमबद्दल बोलायचंय. म्हणजे असे अल्बम, ज्यांच्या कलाकाराचं नावही आपण कधी ऐकलेलं नसतं आणि कुणीतरी गाणंवेडा मित्र "अरे, हे ऐकच" म्हणून आपल्या गळ्यात मारतो.

अशा शिफारशीचं आपण काय करतो? खरं सांगा. "नक्की ऐकतो रे" म्हणतो, लिंक सेव्ह करतो आणि विसरतो. चार दिवसांनी त्याने विचारलं की "भारी होतं" असं ठोकून देतो. मी एकदा असा रंगेहाथ सापडलोय. पुण्यात ऑफिसमधल्या मित्राने विचारलं, "काय, गाणाऱ्याचा आवाज कसा वाटला?" मी म्हटलं, "जबरदस्त!" तो म्हणाला, "त्यात कुणी गातच नाही. नुसती वाद्यं आहेत."

त्यानंतर दोन दिवस मी कॅन्टीनला वेगळ्या वेळी गेलो.

तर याच मित्राने, मी हेमलकसाला निघालो तेव्हा, माझा फोन घेतला आणि त्यात पाच अल्बम भरून दिले. म्हणाला, "तिथे तुला रेंज मिळणार नाही, मग ऐकशीलच." आता हेमलकसा म्हटलं की आपल्याला लोकबिरादरी प्रकल्प आठवतो. १९७३ च्या डिसेंबरात बाबा आमट्यांनी सुरू केलेला, प्रकाश आणि मंदाकिनी आमट्यांनी उभा केलेला. पण मी सांगतोय ती गोष्ट त्या प्रकल्पाची नाही. मी चंद्रपुरात वाढलोय, तिकडे ओळखी आहेत, आणि मुलांना कम्प्युटर शिकवायच्या निमित्ताने एका हिवाळ्यात पंधरा दिवस तिथे राहिलो होतो, एवढंच. आलापल्लीच्या पुढे बस जंगलात शिरते, पेरमिली, ताडगाव करत साधारण ६० किलोमीटर जाते, आणि कुठल्या वळणावर रेंज गेली ते आपल्याला कळतसुद्धा नाही. गाणं मध्येच थांबतं, तेव्हा कळतं.

पहिल्या संध्याकाळी करायला काही नव्हतं. म्हणून पहिला अल्बम लावला. तोच, ज्यात कुणी गात नाही.

'कॉल ऑफ द व्हॅली', १९६७ चा. एचएमव्हीसाठी तो घडवून आणला जी. एन. जोशींनी. हे जोशी म्हणजे 'शीळ' गाणारे ग. ना. जोशी, मराठी भावगीतांच्या सुरुवातीच्या काळातले मोठे गायक, नंतर एचएमव्हीत गेले. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. पहिली दोन नावं तुम्हाला माहीत असतील. काब्रा हे नाव मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. हा माणूस गिटार आडवी ठेवून, तारेवर सळई सरकवून राग वाजवतो, आणि ते ऐकताना हे वाद्य परदेशी आहे हे डोक्यातून निघून जातं.

या अल्बमला एक गोष्ट आहे. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा एक दिवस. पहाटेच्या अहिरभैरवाने सुरुवात, मग नटभैरव, पिलू. तबकडी उलटली की भूप, देस, आणि शेवटी पहाडी. म्हणजे क्रम हाच अल्बमचा अर्थ आहे. शफलवर लावला तर मेंढपाळ रात्री उठतो आणि सकाळी झोपतो. मी पुण्यात तो लावला होता तेव्हा शफल चालू होतं, आणि दुसऱ्याच तुकड्यावर मी जेवण मागवायच्या ॲपमध्ये गेलो होतो! गंमत म्हणजे २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ॲडेलने आपला '३०' हा अल्बम काढताना स्पॉटिफायकडे हाच मुद्दा लावून धरला, आणि त्यांनी अल्बमच्या पानावरचं डिफॉल्ट शफलचं बटण काढलं. गाण्यांचा क्रम आम्ही विचार करून लावतो, असं तिचं म्हणणं.

आता इथे थोडं मागे जाऊ. अल्बम हा शब्दच मुळी वहीवरून आलाय. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीवर एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावायची. मोठी रचना असेल तर चार-पाच तबकड्या लागायच्या, आणि त्या फोटोंच्या अल्बमसारख्या जाड वहीत घालून विकायचे. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने लाँग प्ले तबकडी आणली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. तेव्हापासून पाऊणएक तासाचा अल्बम हे माप ठरून गेलं. म्हणजे हे माप प्लास्टिकने ठरवलंय, गाण्याने नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि आजचं माप? ३० सेकंद. तुम्ही ३० सेकंदांच्या आत गाणं उडवलंत, तर स्पॉटिफाय ते ऐकलं असं धरतच नाही. अहिरभैरवाचा आलाप ३० सेकंदांत कुठे पोचणार? संतूरची पहिली तार नीट विरतसुद्धा नाही तोवर.

आता ॲपवाल्या शिफारशीबद्दल दोन मिनिटं, कारण माझं पोट त्यावर चालतं. मी गाण्यांच्या नाही, एका खरेदीच्या ॲपमध्ये 'तुम्हाला हेही आवडेल' हा भाग बघतो. पण गणित तेच. एक प्रचंड मोठा तक्ता डोळ्यांपुढे आणा. आडव्या ओळीत एकेक माणूस, उभ्या रकान्यात एकेक गाणं. ज्याने जे ऐकलं तिथे खूण. बहुतेक घरं रिकामी, कारण कोणीच सगळं ऐकत नाही. मशीनचं काम म्हणजे ती रिकामी घरं अंदाजाने भरणं. तुमच्या ओळीसारखी ज्यांची ओळ दिसते, त्यांनी जे ऐकलं ते तुम्हाला दाखवायचं. बस. स्पॉटिफायने २०१५ मध्ये 'डिस्कव्हर वीकली' काढलं, दर सोमवारी ३० गाणी, ते बऱ्याच अंशी यावर चालतं. आणि चांगलं चालतं हो, मी उगाच नावं ठेवणार नाही. मला त्यातून कितीतरी कलाकार मिळालेत.

पण एक अडचण आहे, तिला आम्ही 'कोल्ड स्टार्ट' म्हणतो. ज्या रकान्यात एकही खूण नाही, त्या गाण्याबद्दल तक्त्याला काहीच सांगता येत नाही. कोणी ऐकलं नाही म्हणून दाखवत नाही, दाखवत नाही म्हणून कोणी ऐकत नाही. आवाजाचं विश्लेषण वगैरे करून थोडं सावरता येतं, पण मूळ भोक राहतंच. त्यात २०२४ पासून स्पॉटिफायवर वर्षभरात हजारपेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याला मानधनही मिळत नाही. आणि ज्या गाण्याला तक्त्यात रकानाच नाही, त्याचं काय?

त्याच पंधरा दिवसांत मी असं गाणं ऐकलं.

हेमलकसापासून भामरागड तीनएक किलोमीटर. मध्ये पर्लकोटा नदी लागते. पुढे पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांचा संगम. भामरागडच्या बाजारात एक मोबाइलचं दुकान होतं, रिचार्ज, कव्हर, चार्जर असलं विकणारं. दुकानातला पोरगा माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान, माडिया, आश्रमशाळेत शिकलेला. मी चार्जर घ्यायला गेलो तेव्हा एका कानात इअरफोन होता.

"काय ऐकून राहिले जी?"

मी तेव्हा मित्राने दिलेला तिसरा अल्बम ऐकत होतो. एमडू मोक्तार, 'आफ्रिक व्हिक्टिम', २०२१. (दुसऱ्या अल्बमबद्दल बोलत नाही. तीनदा ऐकला, नाही जमला. होतं असं.) मोक्तार हा नायजरमधला, सहारा वाळवंटातला तुआरेग गिटारवादक. डावखुरा. घरी असलं संगीत चालायचं नाही, म्हणून याने पहिली गिटार स्वतःच बनवली आणि तिला सायकलच्या ब्रेकच्या तारा लावल्या. मी दुसरा इअरफोन त्याला दिला. त्याने मिनिटभर ऐकलं आणि विचारलं, "गाणं कवा सुरू होते?"

मग मी त्याला मित्राने मला सांगितलेली गोष्ट सांगितली. २००८ च्या सुमारास मोक्तारने नायजेरियात सोकोटो शहरात 'अनार' नावाचा अल्बम रेकॉर्ड केला. त्या भागात कोणाकडे इंटरनेट होतं? गाणी फिरायची ती फोनच्या मेमरी कार्डावरून आणि ब्लूटूथवरून. बाजारात भेटले, चहा पीत बसले, गाणी एकमेकांच्या फोनमध्ये टाकली. असं करत वाळवंटातून पार मालीपर्यंत. तिथे ख्रिस्तोफर कर्कली नावाचा एक अमेरिकन माणूस लोकांच्या कार्डांवरची गाणी गोळा करत होता. त्याने २०११ मध्ये त्यातल्या काही गाण्यांची एलपी काढली, 'म्युझिक फ्रॉम सहारन सेलफोन्स'. अडचण काय आली? फायलींवर नावंच नाहीत. असली तर चुकीची. गाणारा कोण, गाव कोणतं, जिवंत आहे की नाही, काही कळेना. त्याला एकेका कलाकाराला शोधत बसावं लागलं, कारण पैसे वाटून द्यायचे तर द्यायचे कोणाला? मोक्तार असाच सापडला. पुढे दोघांनी मिळून एक सिनेमाही केला, प्रिन्सच्या 'पर्पल रेन'च्या धर्तीवर. पण तमाशेक भाषेत जांभळ्याला शब्द नाही, म्हणून सिनेमाचं नाव पडलं 'थोडा लाल मिसळलेल्या निळ्या रंगाचा पाऊस'. मला हे फार आवडतं.

पोराने हे सगळं ऐकून घेतलं आणि काहीच न बोलता ड्रॉवर उघडला. आत प्लास्टिकच्या डबीत मेमरी कार्डं. "आमच्या इथं बी असंच हाय ना जी. घ्या, पाहा."

त्याच्या एका कार्डावर काय नव्हतं! तेलुगू सिनेमाची गाणी, छत्तीसगढी लग्नाची गाणी, नागपूरकडची भीमगीतं, गोंडी गाणी. हा भागच तसा आहे, इकडे तेलंगण, तिकडे नदीपलीकडे छत्तीसगड. फायलींची नावं 'ऑडिओ ४७', 'न्यू न्यू २', 'रेकॉर्डिंग ००९'. मी काही फायली कॉपी करून घेतल्या. त्यातली एक त्याने मुद्दाम दिली. "हे आमच्या आजीकडचं हाय. रेला." रेला म्हणजे माडियांची समूहगाणी, बायका-पुरुष हात धरून, फेर धरून गातात, रे-रेला अशी ओळ पुन्हापुन्हा येते. त्याने सणाच्या रात्री फोनवर रेकॉर्ड केलं होतं. अकरा मिनिटं.

मी इंजिनियरी प्रश्न विचारला, "पूर्ण गाणं एवढंच आहे?"

"पूर्ण कसं राहील जी? ते तर सकाळपर्यंत चालते. फोनमधली जागा सरली."

बघा, ७८ च्या तबकडीवर तीन मिनिटं, एलपीवर बावीस, आणि या फोनमध्ये अकरा.

ते रेकॉर्डिंग मी खूप ऐकलं. पहिल्यांदा काही कळलं नाही, चाल एकच वाटली. माझी सवय आता अशी झालीय की अनोळखी अल्बम पहिल्यांदा भांडी घासताना ऐकायचा, मत बनवायचंच नाही. दुसऱ्यांदा इअरफोन लावून, अंधारात. तिसऱ्यांदा कोण काय वाजवतंय ते शोधत. तसं ऐकल्यावर लक्षात आलं, एक बाई ओळ टाकते, बाकीच्या ती उचलतात, पण उचलताना शेवटचा स्वर किंचित खाली आणतात. आणि ती बाई दर वेळी पुढची ओळ थोडी आधीच सुरू करते, जणू त्यांना दम घेऊच द्यायचा नाही. एकदा हे ऐकू आलं की मग अकरा मिनिटं कमी पडतात.

आणि आता मी केलेला गाढवपणा.

पुण्यात आल्यावर मला वाटलं, ही फाइल जरा साफ करू. सुरुवातीला जवळपास एक मिनिट नुसती बडबड होती, एक म्हातारी काहीतरी बोलत होती, मग हसणं, मग कुत्रं भुंकतं. माडिया मला येत नाही. मी ऑडॅसिटीत फाइल उघडली, पुढचं मिनिट कापलं, मधलं कुत्रं कापलं, आवाज वाढवला, आणि त्याच नावाने सेव्ह केली. छान वाटलं. त्या पुण्यातल्या मित्रालाही पाठवली. त्याने तीनदा ऐकून मला दीड पानाचं उत्तर लिहिलं. तो तसाच आहे.

पुढच्या पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला. दरवर्षीच येतो, भामरागडचा रस्ता बंद होतो. त्या वेळी पाणी बाजारात शिरलं आणि दुकानात कंबरेइतकं झालं. माणसं सुखरूप होती. सामान गेलं. डबीतली कार्डं चिखलात गेली, आणि ज्या फोनवर रेकॉर्ड केलं होतं तो तर आधीच विकला होता. रेंज आल्यावर त्याचा फोन आला.

"भाऊ, ते रेलाचं तुमच्याकडं हाय ना?"

मी म्हटलं, आहे की! एकदम हिरो झाल्यासारखं वाटलं. लगेच पाठवलं. दोन दिवसांनी परत फोन.

"सुरुवातीचं नाही हाय जी यात."

"ती बडबड होती ना, मी काढली."

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्यात आजी सांगत होती. कोण कोण गाऊन राहिल्या ते. कोणाची कोण, कोणत्या गावची, गाणं कोणाकडून आलं ते."

[इथे मूळ ऑडिओत मी काही सेकंद बोललेलो नाही.]

मी पुण्याच्या मित्राला विचारलं, त्याच्याकडेही कापलेलीच. बॅकअप शोधला, नाही. पोराला चारपैकी दोन बायकांची नावं आठवली. आजीला आता कमी ऐकू येतं आणि दर वेळी वेगळी नावं सांगते, असं तो म्हणतो. मुख्य ओळ टाकणाऱ्या त्या बाईचं नाव अजून लागलेलं नाही. ती लग्न होऊन नदीपलीकडे गेली, एवढंच.

मला नंतर गौहर जानची गोष्ट आठवली. १९०२ मध्ये कलकत्त्यात फ्रेड गायसबर्गने तिच्या तबकड्या रेकॉर्ड केल्या. त्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, आणि तिथल्या कामगारांना कोणाची तबकडी कोणती हे कळावं म्हणून ती गाणं संपल्यावर इंग्रजीत मोठ्याने स्वतःचं नाव सांगायची. तीन मिनिटांतले ते काही सेकंद. जुन्या तबकड्या ऐकणारे लोक आजही त्या क्षणाची वाट बघतात. कोणी ऑडॅसिटीवाला तिथे नव्हता हे बरं झालं.

म्हणून आज ती रेलाची फाइल इथे वाजवत नाहीये. तुमच्यापैकी काहींनी मेसेज करून मागितली होती. नावं लागली आणि त्या बायका हो म्हणाल्या, तर वाजवू.

बाकी आता मला कोणी अल्बम सुचवला तर मी तीन गोष्टी विचारतो, कुठून सुरुवात करू, तुला तो कोणी दिला, आणि तुला त्यात काय सापडलं. "भारी आहे" हे उत्तर चालत नाही. परवा एका श्रोत्याने 'स्वदेसी' या मुंबईच्या हिपहॉप मंडळींचं 'द वारली रिव्होल्ट' सुचवलं, २०१९ चं. आरेतले प्रकाश भोईर यांच्या आवाजासाठी ऐक, रॅप नंतर ऐक, असं लिहिलं होतं. अशी शिफारस असेल तर मी त्याच रात्री ऐकतो, ऐकलंही. तुम्हीही असंच लिहून पाठवा, पुढच्या भागात त्यातले दोन-तीन घेऊ. फाइल पाठवत असाल तर कापू नका. कुत्रं असलं तरी.

हां, एक राहिलं. मागच्या महिन्यात भामरागडहून मेसेज आला. दुकान पुन्हा उघडलंय, नवीन डबी घेतलीय. खाली लिहिलं होतं, "भाऊ, त्या डावऱ्या गिटारवाल्याचं अजून काही हाय का?" मी 'इलाना' पाठवलाय, २०१९ चा. डाउनलोड व्हायला त्याला रात्रभर लागली म्हणे.